माझ्या वाट्याची खीर

माझी नणंद माहेरी आली ती पोटुशी, स्मॅकच्या नशेच्या पुरती आहारी गेलेली आणि नवऱ्यानं टाकलेली. आणि घरानं तिला डोक्यावर घेतलं. मी जळले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला मी बिचारी किंवा फार थोर वाटायला नको.

आम्ही दिल्लीत मयूर विहारच्या एका सोसायटीत राहायचो. फ्लॅट सासऱ्यांनी नोकरीत असताना घेतलेला. ते गेल्यावर घरात सासूबाई, माझा नवरा आणि मी. बाहेर तेव्हा सगळं भराभर बदलत होतं. गॅलऱ्यांमधून केबलच्या तारा लोंबत होत्या, शेजारचे स्कूटर विकून मारुती घेत होते, आणि जो तो गुडगावचे गोडवे गात होता, 'वहाँ तो बिल्कुल फॉरेन है, भाभीजी.' आमच्या घरातून त्या फॉरेनला पहिली गेली ती नणंद. काचेच्या इमारतीत नोकरी, न्यायला-आणायला कंपनीची गाडी. तिला नोकरी लागली त्या दिवशी सासूबाईंनी देवापुढे पेढे ठेवले. मी लग्नाआधीपासून एका मंत्रालयात टायपिस्ट. माझ्या नोकरीसाठी कुणी कधी देवापुढे साखरेचा दाणा ठेवला नव्हता. म्हणजे माझं पोटात दुखणं जुनंच होतं. स्मॅक नंतर आली.

स्मॅक आली ती नणंदेच्या नवऱ्याबरोबर. त्याच ऑफिसातला मुलगा, गोडबोल्या, सासूबाईंना 'मम्मीजी' म्हणून पाया पडणारा. लग्न करून दोघं मुनिरकात खोली घेऊन राहिले. आधी सुट्टीच्या दिवसाची मजा, मग रोजची गरज, मग नोकरी गेली, मग दागिने गेले, आणि शेवटी तो स्वतःच गेला. कुठे, ते आजतागायत कुणाला माहीत नाही. एका दुपारी नणंद पिशवी घेऊन दारात उभी. नाक गळतंय, हात थरथरताहेत, अंगावर माझाच जुना स्वेटर. सासूबाईंनी तिला कवटाळलं आणि मला म्हणाल्या, "अगं, बघत काय उभी राहिलीस? पाणी आण."

मी पाणी आणलं. स्वेटरचं काही बोलले नाही.

आता माझं सांगते. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. दोनदा राहिलं, दोनदा गेलं. दुसऱ्या वेळी तर हालचाल कळायला लागली होती. हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा सासूबाईंनी गरम शिरा करून दिला, त्या वाईट वागल्या असं मी नाही म्हणणार. पण आठवडा झाला नाही तोच म्हणाल्या, "आता ऑफिसला जायला लाग. घरात बसून माणसाचं डोकं फिरतं." झालं. विषय मिटला. आणि ही बया, पोटात पोर असताना नको ते ओढत बसली, तरी हिचं पोर आत मजेत वाढत होतं. मी गॅलरीत कपडे वाळत घालताना तुळशीकडे बघून म्हणायचे, अगं, तुझं लक्ष तरी आहे का कुठे?

सुरुवातीला तिला कुणी दारात उभं करेना. प्रसूतीच्या हॉस्पिटलात सांगितलं, "पहले नशा छुड़वाइए, फिर आइए." व्यसनमुक्ती केंद्रात म्हणाले, "हमारे यहाँ तो सब आदमी हैं. ऊपर से ये प्रेग्नंट. पहले डिलिव्हरी हो जाने दो." बरं, एकदम बंद केलं तर बाळ दगावायची भीती, आणि चालू ठेवलं तर बाळाला जन्मापासूनच ती सवय. माझा नवरा या दारातून त्या दारात हेलपाटे घालत राहिला. शेवटी बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या मॅडम भेटल्या. बारीक कापलेले केस, गळ्यात चष्म्याची दोरी, आवाज असा की सरकारी शिपाईसुद्धा उठून उभा राहावा. त्यांनी काय जादू केली कोण जाणे, पण केंद्राचे डॉक्टर, प्रसूतीच्या डॉक्टरीणबाई आणि त्या स्वतः, असे तिघं महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसायला लागले. आमच्या नणंदबाईंसाठी! केंद्रानं स्मॅकऐवजी जिभेखाली ठेवायची गोळी सुरू केली, प्रसूतीवाल्यांनी नाव घातलं, आणि बाळंतपणानंतरची सोय संस्थेनं अंगावर घेतली.

घरातलं कुणीतरी बैठकीला हवं म्हणाले. सासूबाईंचे गुडघे धरलेले, नवऱ्याला रजा मिळेना. मग कोण? मी. अर्ध्या दिवसाची रजा टाकायची, हिला ऑटोत घालून न्यायचं, तिची फाइल सांभाळायची आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचं. चहा यायचा, समोसे यायचे. डॉक्टर तिला विचारायचे, "नींद कैसी है, बेटा?" डॉक्टरीणबाई तिची पाठ चोळायच्या. मॅडम तिचा हात हातात घेऊन बसायच्या. एवढी शिकलेली माणसं, एका बाईला झोप लागते की नाही यावर चर्चा करताहेत! माझ्या दुसऱ्या वेळी वॉर्डातल्या आयानं 'उठो, बेड खाली करो' म्हटलं होतं, तेवढीच माझ्यावरची चर्चा. मी समोसा खायचे आणि आतल्या आत धुमसायचे.

पण तिसऱ्या बैठकीत एक गोष्ट ठरली आणि मी समोसा खाली ठेवला. मॅडम म्हणाल्या, शेवटपर्यंत लघवीच्या तपासण्या साफ आल्या तर बाळंतीण आणि बाळ दोघंही संस्थेच्या घरात राहतील. तिथे आयांना मुलांसकट ठेवून घेतात, काम शिकवतात. पण ती पुन्हा घसरली तर तिला केंद्रात भरती व्हावं लागेल आणि बाळ तिथे ठेवता येणार नाही. मग बाळ कुणाकडे? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग काय, आपण आहोतच ना." दुसऱ्या दिवशी त्यानं मागच्या खोलीतला जुना कूलर आणि ट्रंका उगाचच हलवल्या.

पुढच्या रविवारी पडद्याचं कापड बघते असं सांगून मी करोल बागेत गेले. पडदे राहिले बाजूला. झबली, टोपरी, दोन मऊ दुपटी घेऊन आले आणि माझ्या कपाटात साड्यांच्या मागे सरकवून ठेवली. ती घसरावी असं मी मुद्दाम काही केलं नाही. पण रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की पहिलं तिचे डोळे बघायचे. बाहुल्या बारीक झाल्यात का, बोलताना जीभ जडावतेय का. काळजी म्हणून नाही. आशेनं.

तिच्या प्रत्येक गोष्टीवर माझी नजर असायची. ती काय खाते, कुठे जाते, फोनवर कुणाशी बोलते, न्हाणीघरात किती वेळ लावते. आणि सगळ्यांत जास्त खुपायची ती खीर. आठवा निम्मा झाला आणि तिची झोप पार उडाली. सासूबाईंनी लगेच आपला उपाय काढला. सकाळी खसखस भिजत घालायची, संध्याकाळी पाट्यावर गंधासारखी वाटायची, दुधात शिजवायची, गूळ, वेलची, जायफळ. ज्या बाईला गुडघ्यांमुळे पोळपाटापुढे बसवत नव्हतं ती लेकीसाठी वरवंटा फिरवत बसायची. मिक्सर दिला तर म्हणाल्या, "मिक्सरला ती चव नाही येत." रोज रात्रीच्या जेवणानंतर एक मोठी वाटी नणंदेपुढे यायची. एकच वाटी. सगळ्या घरभर तो वास सुटलेला असायचा आणि मी कढीभात कालवत बसलेली.

एकदा न राहवून मी म्हटलं, "आई, थोडी मलाही द्या की. मलाही हल्ली झोप नाही लागत."

सासूबाई म्हणाल्या, "तुला कशाला? तू काय पोटुशी आहेस?"

त्यांच्या मनात काही नव्हतं. तोंडातून निघून गेलं. पण मी ताट घेऊन उठले.

नववा लागला आणि बैठकीत डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तपासणीत दोष आला होता. तोपर्यंतच्या सगळ्या साफ, आणि ही नेमकी बाळंतपणाच्या तोंडावर बिघडली. नणंद पांढरीफटक पडली. "मैंने नहीं लिया, डॉक्टर साहब. माँ कसम." डॉक्टर दमलेल्या आवाजात म्हणाले, "हर मरीज़ यही कहता है, बेटा." डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघेनात. मॅडमनी तिचा हात सोडला. अलगदच, पण सोडला. ते मी पाहिलं.

आणि मला काय झालं सांगू? उकळ्या फुटल्या आनंदाच्या. डोळ्यांपुढे ती दुपटी आली. चलो, संपलं एकदाचं, बाळ आपलं, असं मन अगदी स्वच्छ शब्दांत म्हणालं.

नणंद रडत म्हणाली, "तुमच्या त्या गोळीचंच नसेल कशावरून?" हे मराठीत, माझ्याकडे बघून. मी डॉक्टरांना हिंदीत सांगितलं. ते म्हणाले, त्या गोळीचं या तपासणीत काही दिसत नाही. ही तपासणी अफूच्या झाडापासून जे जे येतं तेवढंच पकडते, स्मॅक काय, मॉर्फिन काय.

अफूचं झाड. अफूच्या बोंडात काय असतं ते मराठी घरात वाढलेल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. माझी आई अनारशांना लावायला खसखस काढायची तेव्हा दरवेळी सांगायची, ही त्या अफूचीच पोरं, पण गुणी. घरभर दरवळणारा तो जायफळाचा वास मला तिथे, फिनेलच्या वासात, आला.

मी गप्प बसले. काय बिघडणार होतं? मला कुणी काही विचारलं नव्हतं. सासूबाईंच्या डोक्यात हे सात जन्मांत आलं नसतं. त्यांच्या लेखी खसखस म्हणजे थंड, पौष्टिक, झालंच तर झोपेला बरी. मी फाइलची दोरी बांधायला घेतली.

तेवढ्यात नणंदेनं माझ्याकडे बोट केलं. हिंदीत म्हणाली, सगळ्यांना कळावं म्हणून. "भाभी से पूछिए. दिनभर मुझ पर नज़र रखती हैं. मैं इनको अच्छी नहीं लगती, मुझे पता है. पर ये झूठ नहीं बोलेंगी."

असा राग आला मला! इतकं ओळखून असावं माणसानं? आणि ओळखून होतीस तर माझा स्वेटर घालून, माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत ती खीर कशी गिळलीस गं रोज? सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं. त्या खोलीत मला पहिल्यांदाच कुणी काही विचारत होतं. आणि मी रागाच्या भरात तोंड उघडलं ते थांबलेच नाही. म्हटलं, ही कुठे जाईल आणि काय घेईल? गेटबाहेर एकटी गेली नाही, फोन आला तर मी बाहेर उभी असते, न्हाणीघरातून आली की मी आत जाऊन बघते. पण खीर खाते! रोज खाते! खसखशीची!

डॉक्टर जरा सावरून बसले. म्हणाले, असं होऊ शकतं हे वाचलंय मी, पण खसखस कुणी चिमूटभरच खातं, तेवढ्यानं काही होत नाही.

"चुटकी?" मी जवळजवळ ओरडलेच. "डॉक्टर साहब, कटोरी! अहो, कटोरी भरून, रोज, वाटून! मला चमचाभर मिळत नाही म्हणून मी रोज बघते. मला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

निम्मं मराठीत, निम्मं हिंदीत. मॅडमना हसू आलं, त्यांनी ते दाबलं. डॉक्टर म्हणाले, घरच्यांच्या शब्दावर मी काही लिहू शकत नाही. मी म्हटलं, "मग माझी करा तपासणी. आठवडाभर खीर हिची बंद आणि मला चालू. मी तर काही ओढत नाही ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "करके देखने में क्या हर्ज है?" आणि ठरलं.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्यांना आधी काही उमजेचना. मग एकदम डोक्याला हात लावून बसल्या, "अगं बाई, म्हणजे मीच?" मी म्हटलं, "रडू नका. आजपासून खीर मला करा. तशीच, पाट्यावर वाटून."

त्या रात्री वाटी माझ्यापुढे आली. सासूबाई समोर बसून म्हणाल्या, "बघ गं, गूळ पुरेसा झालाय का?" इतक्या वर्षांत हे मला त्यांनी पहिल्यांदा विचारलं. आणि खरं सांगू? खीर काही फार ग्रेट नव्हती. जायफळ जास्त पडलं होतं. तरी मी वाटी बोटानं निपटून खाल्ली. नणंद पलीकडे बसून माझ्या वाटीकडे बघत होती, आणि मला फार बरं वाटलं. बघ, म्हटलं, बघ आता तू.

पण आठवडाभर एकीकडे खीर खात मी देवाला काय मागत होते, तर माझी तपासणी साफ येऊ दे. खसखशीनं काही होत नाही असं निघू दे. मग मी माझं कर्तव्य केलेलं, आणि बाळही माझं. मागच्या खोलीत पाळणा कुठे मावेल ते मी पावलांनी मोजूनही आले.

निकाल आला. नणंदेची साफ. माझ्यात दोष. डॉक्टर म्हणाले, "मिसेस, आप तो पक्की नशेड़ी निकलीं," आणि खोलीत सगळे खो खो हसले. नणंद हसता हसता रडायला लागली, मॅडमनी तिला जवळ घेतलं. मीही हसले. हसावंच लागतं. मग फाइल काखोटीला मारून पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेले आणि नळ सोडून उभी राहिले. पाणी वाहत होतं. प्यायले नाही.

मुलगा झाला. गोळीच्या सवयीनं पहिले काही दिवस तो सारखा थरथरायचा, किरकिर करायचा. डॉक्टरीणबाईंच्या माणसांनी आणि केंद्राच्या डॉक्टरांनी आळीपाळीनं येऊन लक्ष ठेवलं, आणि तो निवळला. हॉस्पिटलातून थेट संस्थेच्या घरात जायचं होतं. सासूबाई घरीच थांबल्या. मी आणि नवरा न्यायला गेलो. करोल बागेतलं सगळं सामान मी पिशवीत भरून नेलं होतं. कपाटात ठेवून काय करणार होते?

नवरा पुढे डॉक्टरांशी बोलत राहिला. नणंद बाळाला घेऊन ऑटोत बसली, माझ्या दुपट्यात गुंडाळलेलं. मी पिशवी तिच्या पायाशी ठेवली.

ती म्हणाली, "वहिनी, घेतेस जरा?"

मी म्हटलं, "नको. एकदा घेतलं तर परत द्यायचं नाही जमणार मला."

"माहितीय मला," ती म्हणाली, आणि बाळाला आणखी थोडं छातीशी ओढून घेतलं.

बरं केलं तिनं. आई झाली ती, तेवढ्या एका हालचालीत. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि तेव्हाही जळले.

घरी आले. सासूबाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून डबे पुसत होत्या. म्हणाल्या, "गेली?"

"गेली."

"नीट बसली? बाळ रडलं का?"

"नाही रडलं."

मग एक डबा हलवून म्हणाल्या, "ही खसखस बरीच उरलीय. आता काय करायचं हिचं? देऊन टाकू कुणाला?"

"नको," मी म्हटलं. "भिजत घाला. मला खीर हवीय."

सासूबाईंनी वर बघितलं. आता त्या विचारणार, तुला कशाला, असं मला वाटलं. त्यांनी विचारलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि पातेलं काढलं.